मोकळ्या बोटांचा हिशेब

२०११ सालच्या जून महिन्यात लॉस एंजलिस येथे भरलेल्या ई-थ्री या वार्षिक प्रदर्शनात निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपल्या आगामी वी यू कन्सोलचा कंट्रोलर जगापुढे मांडला, तेव्हा त्याच्या मध्यभागी बसवलेल्या ६.२ इंची पडद्याचे जे कौतुक झाले ते फार काळ टिकले नाही. कारण हा पडदा एका वेळी एकच स्पर्श ओळखतो ही गोष्ट लवकरच सर्वतोमुखी झाली, आणि चार वर्षांपूर्वीपासून ज्यांच्या खिशात दोन बोटांच्या चिमटीने चित्र लहानमोठे करणारा फोन येऊन बसला होता, त्या मंडळींना ही उणीव जवळजवळ अपमानासारखी लागली. कंपनी मागासलेली आहे, कंजूष आहे, काळाची पावले तिला ओळखता येत नाहीत, असा निवाडा खेळाचे यंत्र बाजारात येण्याच्या आधीच लागून गेला.

तो निवाडा निराधार होता असे कोणी म्हणणार नाही. पण तो एकतर्फी होता, आणि एकतर्फी निवाड्याची फेरतपासणी करायची तर जुने दप्तर उघडावेच लागते. पडद्याला किती बोटे कळतात हे विचारण्यापूर्वी, दोन्ही हातांनी कंट्रोलर धरून बसलेल्या माणसाला मुळात किती बोटे मोकळी उरतात, हे विचारायला हवे होते. माझ्या समजुतीप्रमाणे कंट्रोलरवरच्या स्पर्शपडद्याचा सगळा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो, आणि त्यातले बहुतेक यशापयश त्याच हिशेबाने उलगडते.

स्पर्श ओळखणाऱ्या पडद्यांची दोन घराणी आहेत, आणि दोहोंचाही जन्म खेळांच्या दुनियेपासून पुष्कळ दूर झाला. इंग्लंडात माल्व्हर्न येथील सरकारी रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली विमानवाहतुकीच्या नियंत्रणासाठी जो पडदा कल्पिला तो कपॅसिटिव्ह जातीचा, म्हणजे बोटाच्या सान्निध्याने विद्युतभारात पडणारा फरक टिपणारा होता. त्याच जातीचे पडदे पुढे बेंट स्टुम्पे यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत एका विशाल कणत्वरकाच्या नियंत्रणकक्षासाठी घडवले. दुसरे घराणे रेझिस्टिव्ह पडद्यांचे. त्याचे मूळ पुरुष म्हणजे केंटकी विद्यापीठातले सॅम हर्स्ट. आलेखांवरील बिंदूंची नोंद झटपट व्हावी एवढ्याच माफक गरजेतून १९७१ च्या सुमारास त्यांनी स्पर्शाचे स्थान सांगणारी एक फळी तयार केली, आणि तिच्यातूनच हे घराणे विस्तारले.

या दुसऱ्या जातीच्या पडद्याची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. दोन पारदर्शक वीजवाहक थर समोरासमोर ठेवलेले असतात. त्यांच्यामध्ये सूक्ष्म ठिपक्यांनी राखलेली केसाएवढी पोकळी असते. वरचा थर लवचीक असल्यामुळे तो दाबला की खालच्याला टेकतो, आणि टेकल्या जागी किती व्होल्टेज आहे हे आधी एका दिशेने व मग दुसऱ्या दिशेने मोजून यंत्र त्या बिंदूचा आडवा व उभा अंक काढते. दाबणारी वस्तू बोट आहे, नख आहे, की प्लास्टिकची काडी आहे, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते. मात्र दोन ठिकाणी एकाच वेळी दाब पडला की त्याची अवस्था दोन्ही पक्षकार एकदम बोलू लागल्यावर दोघांच्या म्हणण्याची सरासरी काढून तिसराच हुकूम लिहिणाऱ्या मामलेदारासारखी होते. निन्टेन्डोच्या डी एस या छोट्या यंत्रावर याचा पडताळा कोणालाही घेता येतो. चित्र काढण्याच्या एखाद्या खेळात डाव्या कडेला एक बोट दाबून धरावे आणि ते न उचलता उजव्या कडेला दुसरे टेकवावे. रेघ तत्क्षणी उडी मारून पडद्याच्या मधल्या भागात जाते, जिथे कोणीही हात लावलेला नसतो.

कपॅसिटिव्ह पडद्याच्या आजच्या रूपात आडव्याउभ्या सूक्ष्म तारांची जाळी असते आणि तिच्या प्रत्येक छेदबिंदूची स्वतंत्र मोजणी होते, त्यामुळे दहा बोटांचे दहा जबाब वेगवेगळे नोंदवले जातात. ही बहुस्पर्शी विद्या फोनवाल्यांनी शोधली अशी जी समजूत आहे ती चुकीची आहे. टोरोंटो विद्यापीठात निमिष मेहता या विद्यार्थ्याने १९८२ सालीच, दुधी काचेमागे कॅमेरा ठेवून बोटांच्या सावल्या टिपणारे एक यंत्र आपल्या प्रबंधासाठी रचले होते. त्याच विद्यापीठात बिल बक्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कपॅसिटिव्ह तत्त्वावर अनेक स्पर्श ओळखणारी पाटी करून दाखवली. विद्या होती, पण ती महाग होती, आणि तिचे दोष असे की काडी, नख किंवा हातमोजा तिच्या गणतीत येत नाही आणि बोटाचा पसरट ठसा म्हणजे टोकदार रेघ नव्हे. आपल्याकडे कुरिअरवाल्याने पुढे केलेल्या यंत्रावर प्लास्टिकच्या काडीने ज्यांनी सही केली आहे, किंवा नोकियाचा ५८०० हा फोन ज्यांनी नखाने चालवला आहे, त्यांना रेझिस्टिव्ह घराण्याचा दाब व कपॅसिटिव्ह घराण्याचा नुसता स्पर्श यांतला फरक सांगावा लागणार नाही.

आता कंट्रोलरकडे वळू. खेळाडूच्या हातातल्या वस्तूवर खेळागणिक बदलणारे काहीतरी दिसावे ही आकांक्षा पडद्याहून जुनी आहे. मॅटेल कंपनीच्या इंटेलिव्हिजन या कन्सोलच्या कंट्रोलरवर, १९८० च्या आसपास, बारा कळांचा एक संच असे आणि प्रत्येक खेळासोबत चित्रे छापलेले प्लास्टिकचे एक पातळ पान येई. ते खोबणीतून आत सरकवले की त्याच बारा कळा कधी युद्धनौकांच्या तर कधी बेसबॉलच्या खेळाडूंच्या होऊन बसत. पाने हरवत, दुमडत, आणि ती हरवली की तो खेळ निम्मा मुका होई. सेगाने १९९८ साली ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये खोचता येणारे एक स्मृतियंत्र काढले, त्याला ४८ गुणिले ३२ ठिपक्यांचा काळापांढरा पडदा होता. त्याला स्पर्श कळत नसे, पण फुटबॉलच्या खेळात आपली चाल शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्ध्यापासून लपवण्याची सोय त्याने प्रथम करून दिली. हातात धरून खेळण्याच्या यंत्रांत पहिल्या स्पर्शपडद्याचा मान टायगर कंपनीच्या गेम डॉट कॉमला द्यावा लागतो. १९९७ चे हे यंत्र, रेझिस्टिव्ह पडदा आणि सोबत काडी. पडदा अंधुक, खेळ सुमार, आणि २००० पर्यंत त्याचा कारभार आटोपलाही.

निन्टेन्डोचे घराणे मात्र वेगळ्या संस्काराचे होते. १८८९ साली क्योतो नगरीत फुसाजिरो यामाउची यांनी हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते करून विकण्यासाठी स्थापलेल्या या पेढीत १९६५ साली गुन्पेई योकोई नावाचा एक तरुण यंत्रांची देखभाल करण्यासाठी नोकरीस लागला आणि पुढे तिचा प्रमुख कल्पक ठरला. नवी व महाग विद्या इतरांनी चोखाळावी, आपण मुरलेली, स्वस्त झालेली, सर्व गुणदोष ठाऊक असलेली विद्या घ्यावी आणि ती कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या जागी वापरावी, हे त्यांचे सूत्र होते. गणकयंत्रातल्या द्रवस्फटिक पडद्यांतून त्यांनी १९८० मध्ये गेम अँड वॉच निर्माण केले, काळ्यापांढऱ्या पडद्यावर १९८९ चा गेम बॉय उभा केला, आणि रंगीत पडद्यांचे प्रतिस्पर्धी त्याच्यापुढे एकामागून एक नामशेष झाले. योकोई १९९७ साली अपघातात गेले, तरी त्यांची वहिवाट दप्तरी राहिली. ही वहिवाट मनात धरली नाही तर वी यूच्या पडद्याची निवड कळतच नाही.

योकोई यांच्या पश्चात त्या वहिवाटीचे सर्वांत मोठे फळ म्हणजे २००४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत व डिसेंबरात जपानात आलेले डी एस. दोन पडद्यांची कल्पना निवृत्त अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या आग्रहाची होती, ती तडीस नेण्याचे काम त्यांचे उत्तराधिकारी सातोरु इवाता यांनी केले, आणि खालच्या पडद्यासाठी रेझिस्टिव्ह स्पर्शविद्या पत्करण्यात आली. मोकळ्या बोटांचा हिशेब प्रथम कसा चुकला आणि मग कसा जुळला हे या एका यंत्रात पाहायला मिळते. आरंभीच्या 'सुपर मारिओ ६४ डी एस'मध्ये खेळाडूने दोन्ही हातांनी यंत्र धरून अंगठ्याने पडदा घासत मारिओला पळवावे अशी योजना होती; त्यासाठी मनगटाच्या पट्ट्याला अंगठ्यावर बसवण्याचा प्लास्टिकचा एक तुकडाही दिला होता, आणि तो प्रकार कोणाच्या हाती फारसा बसला नाही. उलट २००५ च्या मे महिन्यात, डॉ. र्‍यूता कावाशिमा यांच्या नावाने निघालेल्या मेंदूच्या व्यायामाच्या खेळात यंत्र पुस्तकासारखे उभे धरायला सांगितले, कळा जवळजवळ रजेवर पाठवल्या, आणि एका हातात यंत्र व दुसऱ्या हातात लेखणी अशी बैठक घालून दिली. बेरीज पडद्यावर दिसावी, उत्तराचा आकडा हाताने लिहावा, एवढाच तो मामला. ज्यांनी जन्मात व्हिडिओ गेम खेळला नव्हता अशा प्रौढांनी आणि वृद्धांनी ते यंत्र उचलले. जपानी कांजीसारख्या बारीक रेघांच्या लिपीचा सराव करून घेणारे कार्यक्रम व शब्दकोश निघाले. अशा लेखनाला एकच टोक लागते आणि ते अणकुचीदार लागते; बोटाच्या ठशाने तेरा रेघांचे अक्षर लिहून पाहणाऱ्याला हे लगेच उमजेल. डी एसच्या सर्व आवृत्त्या मिळून १५ कोटी ४० लाखांवर खपल्या, आणि त्यांतल्या एकीलाही दुसरे बोट कळत नव्हते.

मध्यंतरी जगाच्या हातांची सवय बदलली. २००५ मध्ये ॲपलने वेन वेस्टरमन आणि जॉन एलायस यांची बहुस्पर्शी विद्येत मुरलेली फिंगरवर्क्स ही छोटी कंपनी विकत घेतली, आणि २००७ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवताना लेखणीच्या कल्पनेची भर व्यासपीठावर टर उडवली. त्या दिवसापासून लेखणी ही मागासलेपणाची खूण ठरली. येथे एक गोष्ट निसटते. फोन ही तळहातावर किंवा टेबलावर ठेवण्याची वस्तू आहे. तो धरायला एक हात पुरतो आणि दुसऱ्या हाताची पाचही बोटे रिकामी असतात. चिमटीचा सगळा थाट या रिकाम्या हातावर उभा आहे. फोनच्या वापराने लागलेली सवय लोकांनी कंट्रोलरवर लागू केली, आणि कंट्रोलरला मात्र तो रिकामा हात कधीच मिळालेला नव्हता.

वी यू २०१२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात विक्रीस आला. गेमपॅड नावाचा त्याचा कंट्रोलर सुमारे अर्धा किलो वजनाचा होता. दोन्ही कडांना दोन दांड्या, सर्व कळा, आणि मध्ये ८५४ गुणिले ४८० ठिपक्यांचा रेझिस्टिव्ह पडदा. चित्र कन्सोलमध्ये तयार होऊन बिनतारी मार्गाने क्षणार्धात गेमपॅडवर पोचे, आणि हा विलंब इतका अल्प ठेवण्यात आला होता की त्या काळच्या मानाने ती खरोखर मोठी करामत म्हटली पाहिजे. टीकाकारांनी तिची दखल पडद्याच्या जातीइतकी घेतली नाही, हा मला अन्याय वाटतो. पाठीमागच्या खाचेतून लेखणी काढली आणि 'सुपर मारिओ मेकर' हा २०१५ चा खेळ लावला की या रचनेतली शहाणी बाजू दिसू लागे. लेखणीच्या टोकाने एकेक चौकोन टेकवत विटांची ओळ मांडावी, खड्ड्याच्या काठावर कासव उचलून ठेवावे, चुकले तर पुसावे. आणि आपण गेमपॅडवर जे करतो आहो तेच समोरच्या टीव्हीवर एक चित्रातला हात करताना घरच्या सर्वांना दिसावे. या कामाला दुसरे बोट नको असते. खेळाडूंनी परस्परांना धाडलेली काळ्यापांढऱ्या रेघांची चित्रे हीसुद्धा याच लेखणीची कमाई होती, आणि त्यांतली कित्येक चित्रे केवळ बोटाने कोणाला काढता आली असती असे वाटत नाही.

पण जिथे कळा आणि पडदा दोन्ही एकाच वेळी हवे असत तिथे घोटाळा होई. युबिसॉफ्टच्या 'झॉम्बी यू'मध्ये पाठीवरची पिशवी उघडायची तर गेमपॅडच्या पडद्यावर बोटाने वस्तू ओढाव्या लागत, आणि त्या अवधीत खेळ थांबत नसे. मान खाली घालून औषधाची बाटली शोधणाऱ्या खेळाडूला टीव्हीवरून चालून येणारे प्रेत दिसत नसे. त्या खेळात ही अडचणच भयाचे साधन बनवली होती आणि म्हणून ती शोभली. इतर बहुतेक खेळांत ती नुसती अडचण राहिली. पडद्यावर किती स्पर्श कळतात याने तिच्यात तिळमात्र फरक पडला नसता, कारण उजवा अंगठा दांडीवरून उचलणे आणि नजर टीव्हीवरून काढणे या दोन दंडांची वसुली दोन्ही जातींचे पडदे सारखीच करतात. 'रेमन लेजेंड्स' हा २०१३ चा खेळ याचा उत्तम दाखला आहे. वी यूवर त्यातल्या मर्फी नावाच्या साहाय्यकाकरवी पडद्यावर बोट फिरवून दोर कापावे लागत, अडसर सरकवावे लागत. तोच खेळ ज्या कन्सोलांवर स्पर्शपडदा नव्हता तिथे निघाला तेव्हा मर्फीचे सगळे काम एका कळेवर सोपवले गेले, आणि खेळ चालूच राहिला.

बहुस्पर्शी पक्षाची बाजू सोनीने मांडली, आणि ती अधिक विचारपूर्वक मांडली असे म्हणावे लागेल. २०११ च्या डिसेंबरात जपानात आलेल्या प्लेस्टेशन व्हिटाला पुढे पाच इंची कपॅसिटिव्ह पडदा होताच, पण पाठीवरही एक स्पर्शफलक दिला होता. यंत्र दोन्ही हातांनी धरले असता अंगठे पुढे गुंततात आणि उरलेली बोटे मागे नुसती आधाराला असतात. ज्या कोणाला ही आळशी बोटे कामाला लावण्याची युक्ती सुचली त्याने हिशेब अचूक केला होता. मीडिया मॉलिक्यूलच्या 'टेअरअवे'त मागून बोट दाबले की कागदाच्या त्या सृष्टीत जमीन फाडून आपलेच बोट वर आलेले दिसे आणि त्याने शत्रूंना ढकलता येई. हा बहुस्पर्शी कल्पनेचा सर्वांत सुंदर आविष्कार. मात्र आधाराला ठेवलेली बोटे नकळतही फलकाला लागत आणि भलतीच आज्ञा जाई, त्यामुळे पुष्कळ खेळांनी त्या फलकाकडे पाठ फिरवली. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ सोबत आलेल्या ड्युअलशॉक ४ या कंट्रोलरवर सोनीने पडदा न देता दोन स्पर्श ओळखणारा नुसता फलक दिला. तो दाबताही येई, आणि बहुसंख्य खेळांनी दोन स्पर्शांची सनद बाजूला ठेवून त्याचा उपयोग नकाशा उघडण्याची एक भली मोठी कळ म्हणून केला. व्हाल्व्ह कंपनीने त्याच वर्षी दाखवलेल्या आपल्या स्टीम कंट्रोलरच्या नमुन्यात मधोमध स्पर्शपडदा होता. २०१४ च्या प्रारंभी तो काढून टाकण्यात आला, आणि २०१५ मध्ये विक्रीस आलेल्या कंट्रोलरवर अंगठ्यांखालचे दोन फलक तेवढे उरले.

वी यूचा जमाखर्च मात्र वाईट आला. एकूण १ कोटी ३५ लाख ६० हजारांच्या आसपास यंत्रे खपली, आणि २०१७ च्या जानेवारीत उत्पादन बंद झाल्याचे सांगण्यात आले. हे अपयश एकस्पर्शी पडद्याच्या माथी मारणे सोयीचे असले तरी खरे नव्हे. नाव असे की पुष्कळांना हे कंपनीच्या जुन्या वी या कन्सोलचेच एखादे उपकरण वाटले. बाहेरच्या कंपन्यांनी पाठ फिरवली. आणि गेमपॅड किमतीत एवढा वाटा खाऊन बसला होता की तो काढून टाकता येईना व त्याच्यावाचून न चालणारे खेळही पुरेसे काढता येईनात. निन्टेन्डोचे खेळरचनाकार शिगेरू मियामोतो यांच्या देखरेखीखालचा 'स्टार फॉक्स झीरो' २०१६ मध्ये आला, तेव्हा विमानाच्या आतले दृश्य गेमपॅडवर आणि बाहेरचे टीव्हीवर अशी विभागणी करून दोन पडद्यांचे समर्थन करण्याचा अखेरचा मोठा प्रयत्न झाला. मान वरखाली करून खेळाडू थकले, एवढेच त्याचे फलित.

२०१७ च्या मार्चमध्ये स्विच आला आणि त्याच्याबरोबर निन्टेन्डोच्या कन्सोलवर प्रथमच कपॅसिटिव्ह, बहुस्पर्शी पडदा आला. ज्यांनी सहा वर्षे मागणी केली होती त्यांना दहाही बोटांचा हक्क मिळाला, आणि त्याच फर्मानाने तो व्यवहारात निरुपयोगीही झाला. कारण हे यंत्र टीव्हीला जोडण्यासाठी चौकटीत ठेवले की त्याचा पडदा झाकला जातो, आणि हातात धरून व टीव्हीवर अशा दोन्ही प्रकारे खेळता येईल असा खेळ करायचा तर त्यातील कोणतेही आवश्यक काम पडद्यावर सोपवता येत नाही. 'सुपर मारिओ मेकर २' हा खेळ २०१९ मध्ये टीव्हीसमोर बसून रचताना एकेक वीट कळांनी जागेवर न्यावी लागे, आणि ज्यांनी वी यूवर लेखणीने रचना केली होती त्यांना तिची आठवण येई. पडद्यांचे हे वाटप चालू असताना जुन्या घराण्याचा वारसा डी एसनंतर आलेल्या ३ डी एस मालिकेने पुढे चालवला; त्या मालिकेचे उत्पादन २०२० मध्ये थांबले तोवर तिचा खालचा पडदा एकस्पर्शीच होता, आणि तिची लेखणी तिच्या खाचेत होती.

२०२५ च्या जून महिन्यात स्विच २ विक्रीस आला. त्याचा ७.९ इंची पडदाही दहा स्पर्श ओळखतो. परंतु या वेळी कंपनीने टीव्हीसमोर बसून नेमकी जागा दाखवण्याचे काम पडद्याकडे दिले नाही, तर सुटा होणारा कंट्रोलर कडेवर आडवा करून टेबलावर किंवा मांडीवर माउससारखा सरकवण्याची सोय केली, आणि माउसला, त्याच्या जन्मापासून आजतागायत, टोक एकच आहे.